चिठ्ठी येईपर्यंत हलायचं नाही

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. तासगावात बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथे मी डेटाबेस सांभाळते. पहिल्या सहा महिन्यांत माझं तिथे पाच जणांशी भांडण झालं. त्यातल्या चौघांशी नंतर चांगली गट्टी जमली. पाचवे आमचे मालक. त्यांच्याशी जमायला जे घडावं लागलं, तेच सांगायला बसले आहे.

डेटाबेस सांभाळतेस म्हणजे नक्की काय करतेस गं, असं सासूबाई अजून विचारतात. त्यांना सांगितलं तेच इथे सांगते. आमच्याकडे बारा गार खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत छतापर्यंत बेदाण्याच्या पेट्या. कुठली पेटी कुणाची, कुठल्या खोलीत, कुठल्या ओळीत, कितव्या थरात, हे सगळं एका कॉम्प्युटरच्या पोटात असतं. ते पोट दुखायला लागलं की मला बोलावतात.

आणि ते दुखायचं नेमकं सौद्याच्या, म्हणजे बेदाण्याच्या लिलावाच्या दिवशी. सौद्याला सकाळी शेतकरी येतात, व्यापारी येतात, हॉलमध्ये ओळीनं नमुन्याच्या पेट्या मांडाव्या लागतात. शेतकऱ्यानं खिडकीवर लॉट नंबर सांगायचा, खिडकीवरच्या ताईंनी तो कॉम्प्युटरवर टाकायचा, चिठ्ठी छापून यायची, चिठ्ठीवर खोली-ओळ-थर. ती घेऊन हमाल आत जाणार आणि पेटी बाहेर आणणार. साधं काम. पण सौद्याच्या दिवशी मध्येच कधीतरी ताईंच्या स्क्रीनवर ते गोल गोल फिरायला लागायचं आणि चिठ्ठीच यायची नाही. पाच-दहा मिनिटांनी आपोआप सगळं सुरळीत. मी धावत जाऊन बघेपर्यंत काही म्हणजे काही सापडायचं नाही.

श्रावणानंतरच्या एका सौद्याला याचा कडेलोट झाला. एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या दोन शेतकऱ्यांचे लॉट. एकाचा माल हिरवागार, टपोरा, दुसऱ्याचा काळपट. हॉलमध्ये पहिल्याच्या नावावर दुसऱ्याची पेटी येऊन बसली. व्यापाऱ्यानं मूठभर हातात घेऊन तोंड वाकडं केलं, तेवढ्यात मागच्या ओळीतून पांढऱ्या टोपीचा एक माणूस शांतपणे उठला आणि म्हणाला, "ह्यो माजा माल न्हाई." मग जो गोंधळ झाला तो झाला.

संध्याकाळी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मालक माणूस तसा वाईट नाही, पण चारचौघांत मान खाली गेलेली त्यांना खपत नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं कॉम्प्युटर सौद्यालाच कसं अडकतंय? दिवाळीआधीचा मोठा सौदा हाय. त्या दिवशी एकदा जरी अडकलं, तर पुण्याच्या कंपनीला समदं दिऊन टाकणार. मग तुमी घरी."

मग तुमी घरी. एवढे तीन शब्द माझ्या काळजात जाऊन रुतले, कारण घरी म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझं माहेर साताऱ्याचं. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी शिरवळच्या एका कारखान्यात हेच काम करत होते. नवऱ्याची बदली सांगलीला झाली आणि मी नोकरी सोडून सांगलीला आले. दोन वर्षं घरात बसले. ज्याला विचारावं तो म्हणायचा, हे असलं काम इकडे कुठं, पुण्याला जावं लागेल. दुपारी कुकर लावून मी खिडकीत बसायची आणि शिकलेलं सगळं हातातून गळत चाललंय असं वाटायचं. तेव्हा लय रडले आहे मी, आता लपवून काय उपयोग. मग तासगावची ही नोकरी मिळाली. सांगलीहून रोज एसटीनं जाऊन येऊन. आमच्या भागात माझ्या कामाची अशी दुसरी जागा मी तरी पाहिली नव्हती.

मी मालकांना म्हटलं, "अडकतंय कुठं ते दिसल्याशिवाय दुरुस्त कसं करू? नजर ठेवणारं एखादं साधन घेऊ या. डेटाबेस चालू आहे का, मंद झालाय का, कोण कुणाला अडवतंय, ते सांगणारं."

"घ्या की," मालक म्हणाले. "पुण्यावाल्यांकडं हायच ते. मोठ्या टीव्हीवर दिसतंय म्हणं."

त्यांच्या डोक्यात टीव्ही बसला तो बसलाच. चार दिवसांत पुण्याच्या कंपनीचा माणूस इस्त्रीच्या शर्टात हजर. त्यानं केबिनमधल्या टीव्हीवर आपलं साधन लावून दाखवलं. घड्याळं काय, रंगीत पट्टे काय, वरखाली होणाऱ्या रेघा काय. मालक हरखून बघत होते. व्यापारी आले की त्यांना हे दाखवायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी विचारलं, "सौद्याला चिठ्ठी अडली, तर यात कुठं दिसेल?" तो म्हणाला, "मॅडम, सगळंच दिसेल." सगळंच दिसेल म्हणणाऱ्या माणसावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही.

माझ्या मनात दुसरं एक साधन होतं. फुकटातलं, कुणीही उतरवून घ्यावं असं. दिसायला अगदी ओबडधोबड, रंग म्हणाल तर दोन. पण शिरवळला असताना मी ते हाताळलं होतं आणि त्याचा स्वभाव मला माहीत होता. मालकांना ते दाखवल्यावर त्यांनी असं तोंड केलं की जणू मी सौद्यात काळपट माल मांडलाय. "हे टीव्हीवर काय दाखवायचं, मॅडम?"

मी म्हटलं, "मालक, तुम्ही बैल घेताना काय करता? बाजारात शिंगं रंगवलेली बघून घेता, का आपल्या रानात आणून औताला जुंपून बघता?"

हा मुद्दा त्यांना लगेच पटला. मालकांशी बोलायचं असेल तर बैलाच्या वाटेनं जावं, हे मला तेव्हा कळलं. ठरलं असं की दोन्ही साधनं पंधरा दिवस एकाच डेटाबेसवर लावायची. पुण्याचं टीव्हीवर, माझं, मी बसते त्या कोठीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. जे अडकण्याचं कारण दाखवेल ते ठेवायचं. दोन्हींना जमलं नाही तर माझा निकाल लागलेलाच होता.

पंधरा दिवसांत तीन सौदे झाले. आणि काय सांगू, दोन्ही साधनं हिरवीगार. टीव्हीवर हिरवं, कोठीत हिरवं. डेटाबेस चालू, ताण कमी, कुणी कुणाला अडवत नाही, सब चंगा. पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला, "बघा मॅडम, तुमची सिस्टिम एकदम हेल्दी आहे." मालक म्हणाले, "नुसता टीव्ही लावल्याबरुबर सुदारलं बघा." मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या सौद्याच्या दुसऱ्या दिवशी मी हमालांच्या पडवीतून चालले होते. तिथे आमचे मुकादम बसलेले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. तीस-पस्तीस हमालांची टोळी त्यांच्या एका नजरेवर चालते. बाहेर ऊन कितीही तापलेलं असू दे, चाचांच्या डोक्याला कानटोपी आणि अंगात खाकी स्वेटर, कारण दिवसभर आतल्या गारठ्यातून ये-जा. बारा खोल्या त्यांना तोंडपाठ. कॉम्प्युटर यायच्या आधी सगळं कोल्ड स्टोरेज चाचांच्या डोक्यात चालायचं, असं जुनी माणसं सांगतात.

मी सहज म्हटलं, "काय चाचा, या वेळी सौदा बिनघोर झाला ना?"

चाचा म्हणाले, "कुटलं बिनघोर, मॅडम. काल तुमचं यंत्र दोनदा झोपलं की."

मी जागच्या जागी थांबले. "झोपलं? मग बोलला नाहीत ते?"

"बोलायचं काय त्यात? आमी पेट्या आनल्या की. आमचं काम कवा थांबलंय?"

मग मी खिडकीवरच्या ताईंना गाठलं आणि हळूहळू सगळं उलगडत गेलं. मालक आणखी चिडायला नकोत म्हणून त्या गोंधळानंतर ताईंनी मला बोलावणंच सोडलं होतं. चिठ्ठी अडली की ताई दोन वेळा बटण दाबून बघायच्या आणि मग स्क्रीन सरळ बंद करून टाकायच्या, कारण समोर शेतकरी तिष्ठत उभा असतो आणि ते बरं दिसत नाही. लॉट नंबर त्या तोंडानं चाचांना सांगायच्या. चाचा डोळे मिटून खोली-ओळ आठवायचे आणि हमालाला पाठवायचे. दुपारी निवांत झालं की ताई सगळ्या चिठ्ठ्या एकदम छापून फाइलला लावायच्या. कुणाला कळू द्यायचं नाही, आल्या माणसाचा खोळंबा होऊ द्यायचा नाही, हीच सगळ्यांची शिकवण. मला इतका राग आला आणि त्यांचं इतकं कौतुक वाटलं की कुठलं आधी बोलू ते कळेना.

म्हणजे घडत काय होतं बघा. डेटाबेस अडला की माणसं त्याला सोडून निघून जायची. रांगेत कुणी उभंच नाही, तर रांग दिसणार कुठून? अडचण जितकी मोठी, तितकी आमची दोन्ही साधनं हिरवी. रोगी बोलायचा बंद झाला की याला आराम पडलाय असं म्हणणारे डॉक्टर होतो आम्ही.

त्या शनिवारी मी साताऱ्याला गेले. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता सकाळी फिरायला जातात आणि उरलेला दिवस सगळ्या गल्लीला शिस्त लावतात. मी त्यांना ही सगळी कथा सांगितली, मालकांच्या "मग तुमी घरी"सकट. आबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आमच्यात पहाऱ्यावरचा जवान दर तासाला फोन करून सांगायचा, सब ठीक," ते म्हणाले. "गडबड झाली तर तो वरडतोच, त्याची काळजी न्हाई. पन सब ठीक आलं न्हाई की आमी बूट बांधायचो. वरडणाऱ्याकडं समदेच बघत्यात गं. गप झालेल्याकडं बघाय माणूस लागतो."

मी हातातले पोहे तसेच ठेवून वही काढली. आई असती तर आधी खाऊन घे म्हणाली असती. आबांनी उठून दुसरा चहा टाकला.

सोमवारी मी दोन्ही साधनांपुढे एकच प्रश्न ठेवला. शेवटची चिठ्ठी निघून किती मिनिटं झाली, हे दर मिनिटाला डेटाबेसला विचारायचं. सौद्याच्या सकाळी पाच मिनिटांत एकही चिठ्ठी निघाली नाही, तर माझा फोन वाजला पाहिजे. गप्प झालं की बूट बांधायचे.

पुण्याच्या माणसाला फोन केला. तो चांगला मुलगा होता, उगाच त्याला नावं ठेवणार नाही. तो म्हणाला, "मॅडम, असा स्वतःचा प्रश्न आमच्या पॅकेजमध्ये घालता येत नाही. मी टीमला मेल टाकतो, पुढच्या व्हर्जनला बघतील." माझ्याकडे पुढचं व्हर्जन नव्हतं, पुढचा सौदा होता. माझ्या ओबडधोबड साधनात मी तोच प्रश्न तासाभरात घातला. चार ओळी लिहाव्या लागल्या. त्या चार ओळी लिहून झाल्यावर मी त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर थाप मारली. शाब्बास म्हणायला दुसरं कुणी नव्हतं तिथे.

गुरुवारच्या सौद्याला अकराच्या सुमारास फोन वाजला. मी कोठीतून खिडकीकडे अशी पळाले की चप्पल निघाली. पण पोचले तर ताईंनी स्क्रीन बंद केलेली, हमाल पेट्या घेऊन परत येत होते आणि माझं साधन सांगत होतं की कुणीच अडलेलं नाही. अडकतंय कधी ते कळलं, पण कोण अडवतंय ते कळेना. त्यासाठी अडलेल्यानं अडून उभं राहायला हवं होतं.

दुपारी मी दोन कप चहा घेऊन पडवीत गेले आणि चाचांच्या शेजारी जमिनीवर बसले. मी म्हटलं, "चाचा, पुढच्या सौद्याला एक करा. चिठ्ठी आली नाही तर हलायचं नाही. ताई स्क्रीन बंद करणार नाहीत आणि तुमचा एकही माणूस आत जाणार नाही."

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, हमाल हात बांदून हुबा ऱ्हायला तर बगनारा काय म्हनंल? चाळीस वर्सं झाली, माज्या टोळीनं मालाला हुबं केलं न्हाई कवा."

मी चिडले. "तुमच्या कामसूपणापायी माझी नोकरी जाणार आहे चाचा, कळतंय का? तुम्ही झाकताय आणि मी आंधळी होतेय." बोलून गेले आणि जीभ चावली. वयानं बापाएवढा माणूस.

पण चाचा रागावले नाहीत. कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ती चुकीची पेटी... ती मीच आनाय लावली हुती. समद्यांनी यंत्रावर ढकललं, मी गप बसलो. चार नंबरची वळ म्हनून पाच नंबरची सांगितली. चाळीस वर्सांत पयल्यांदा. माजी आटवन दमली हाय आता. पन मुकादमानं हे बोलायचं कुनाला?"

मी म्हटलं, "मला बोललात, बास झालं. कुणाला सांगणार नाही." आज हे लिहितेय ते त्यांना विचारूनच. ते म्हणाले, लिवा की, आता काय त्याचं.

चाचांनी कानटोपी परत चढवली. "हुबं ऱ्हातो आमी," ते म्हणाले. "पन लौकर शोदा मातूर. जास्त येळ न्हाई निभायचं."

दिवाळीच्या मोठ्या सौद्याआधीचा तो शेवटचा सौदा. हॉल भरलेला. मी कोठीत माझ्या दोन रंगांच्या स्क्रीनसमोर बसले होते आणि चाचांची टोळी खिडकीसमोर. अकरा वाजून गेले. खिडकीवर गोल गोल फिरायला लागलं. ताईंनी हात मांडीवर ठेवले. हमाल चाचांकडे बघायला लागले आणि चाचांनी नुसती मान हलवली. कुणी हललं नाही. तीसेक दणकट माणसं, सवयीनं पुढे झालेले हात मागे घेऊन, भिंतीला पाठ लावून उभी. शेतकऱ्यांची कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाला, "काय चाचा, संप हाय का काय?" चाचा समोर बघत राहिले. त्यांच्या कानशिलाची शीर उडत होती, असं ताईंनी मला नंतर सांगितलं. चाळीस वर्षांची अब्रू त्या माणसानं माझ्यासाठी दहा मिनिटं उन्हात ठेवली होती.

फोन वाजला. आणि या वेळी स्क्रीनवर सगळं होतं. खिडकीच्या मागे एक चिठ्ठी अडलेली, तिच्या मागे दुसरी, तिसरी, चौथी, लाल लाल ओळ. सगळ्यांच्या पुढे सगळ्या पेट्यांच्या नोंदी कवटाळून बसलेलं एकच काम, आणि ते कुठल्या कॉम्प्युटरवरून चालू आहे त्याचं नाव. मी तो शब्द दोनदा वाचला. केबिन.

मालकांची केबिन.

मी हसावं का रडावं. व्यापारी आले की मालक त्यांना केबिनमध्ये चहा पाजायचे आणि तोऱ्यात आमच्या सगळ्या मालाची यादी उघडून दाखवायचे. आजची नुसती नाही, पहिल्या वर्षापासूनची, एकूण एक पेटीची. ती यादी तयार होईस्तोवर कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला नोंदींना हात लावू देत नव्हता. बाहेर हमाल ताटकळत होते आणि आत मालक म्हणत होते, बघा आमचा पसारा.

मी केबिनचं दार ढकललं. पाच-सहा व्यापारी, मध्ये बेदाण्याची ताटली, टीव्हीवर पुण्याचं साधन हिरवंगार. मालकांचा हात माउसवर.

"मालक, जरा बाहेर येता का?"

"हितंच बोला की, समदी आपलीच हायती."

मग मी बोलले. आधी सांगितलंच आहे की मी तापट आहे, पण त्या दिवशी मी अगदी हळू बोलले. "मालक, ती यादी बंद करा."

"का?"

"करा तर."

त्यांनी बंद केली. बाहेरून, खिडकीवरून, प्रिंटरचा आवाज आला. एक चिठ्ठी, दुसरी, तिसरी, चौथी. पाठोपाठ चाचांचा आवाज, "चला रं," आणि पळणारी पावलं.

"आता परत उघडा."

मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि उघडली. प्रिंटर गप्प झाला. आख्ख्या केबिनला ऐकू आलं तो गप्प झालेला.

"बंद करा."

प्रिंटर परत बोलायला लागला. मी तिसऱ्यांदा करायला लावलं. दोनदा पुरलं असतं, पण मला मजा यायला लागली होती, खरं तेच सांगते. तिसऱ्यांदा प्रिंटर सुरू झाल्यावर एक म्हातारे व्यापारी बेदाणा चघळत म्हणाले, "मालक, म्हंजी चोर घरातच हुता की."

सगळे हसले. मालकांचे कान लाल झाले. मी दारात उभी, आणि मनात म्हटलं, झालं, आता कारण सापडलं म्हणूनच नोकरी जाणार. चारचौघांत मान खाली गेलेली यांना खपत नाही.

व्यापारी सौद्याला निघून गेले. मालकांनी टीव्हीकडे बघितलं, सगळं हिरवं. मग मला म्हणाले, "ह्ये एवढं अडकलं, आन ह्यात काईच न्हाई दिसलं?"

"नाही. ते ताण मोजतं, आणि चार चिठ्ठ्या थांबल्या म्हणून ताण वाढत नाही."

"आन तुमच्या त्या डब्यात दिसलं?"

"दिसलं. पण चाचा आणि त्यांची माणसं उभी राहिली म्हणून दिसलं."

ते खुर्चीत मागे रेलले. "पुण्याच्या पोराला फोन करा," ते म्हणाले. "नको म्हनून सांगा. तुमीच सांगा, माज्याच्यानं न्हाई हुनार."

मी फोन केला. त्या मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मॅडम, तो चिठ्ठीचा प्रश्न तुम्ही नक्की कसा लिहिला होता?" मी त्याला चारही ओळी पाठवून दिल्या. ज्ञान काय, वाटावं.

पुढचं काम सोपं होतं. मालकांच्या यादीसाठी रोज सकाळी मालाच्या नोंदींची वेगळी प्रत काढून ठेवायची. यादी त्या प्रतीतून निघेल, खऱ्या नोंदींना धक्का नाही. दोन दिवसांत झालं. माझं साधन कोठीतून उचलून मी खिडकीजवळ आणलं. चाचांना दाखवलं, हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे अडलंय, आणि लाल झालं तर गप्प बसायचं नाही. ते म्हणाले, "दोनच रंग हायत, झ्याक. लय रंगाचं काय खरं नसतं."

दिवाळीच्या सौद्याला पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळपासून चिठ्ठ्या नुसत्या वाहत होत्या. चाचा प्रिंटरजवळ उभे होते आणि एक गंमत करत होते. लॉट नंबर कानावर पडला की ते आधी पुटपुटायचे, सात नंबर, तिसरी वळ. मग चिठ्ठी हातात घेऊन बघायचे. बरोबर निघालं की खुशीत मान डोलवायचे. दोन वेळा जुळलं नाही. तेव्हा त्यांनी चिठ्ठीवरचंच सांगितलं आणि हमाल गेला. पेट्या बरोबर आल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती, निव्वळ सुटका.

अकरा वाजले. केबिनमध्ये व्यापारी बसलेले मला काचेतून दिसत होते. चहा आला, बेदाण्याची ताटली फिरली. मालकांनी माउसकडे हात नेला आणि मध्येच थांबले. यादी आता हवी तितक्या वेळा उघडा, काही होत नाही, हे मी त्यांना निदान दहा वेळा समजावून सांगितलं होतं. पण त्यांचा स्वतःवर विश्वास राहिला नव्हता. ते उठले, केबिनचं दार उघडून बाहेर आले आणि भरल्या हॉलमध्ये, शेतकरी, व्यापारी, हमाल, सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम, दाबू का?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. चाचांनी चिठ्ठी हातात धरूनच मागे बघितलं. सांगलीच्या त्या खिडकीत कुकरची शिट्टी मोजत बसलेली मी मला आठवली. मी मुद्दाम चहाचा एक घोट घेतला, स्क्रीनकडे बघितलं, हिरवं होतं, आणि मगच म्हटलं, "दाबा."